पूर येणाऱ्या गावात फ्लूटेड पॅनल लावायचे का?

गावभागकर: काल सांगलीतल्याच एका इंटिरियरवाल्या बाईंची पोस्ट ग्रुपवर फिरत होती, शहाबादी फरशी, सागवानी चौकटी, दगडी ओटा सगळं काढून टाका, घर मागासलेलं दिसतं, त्याऐवजी भिंतीला फ्लूटेड, म्हणजे उभ्या खाचांचे पॅनल, बिनहँडलचं किचन आणि सगळीकडे ग्लॉसी पांढरं करा. वाचून डोकंच फिरलं. बाई, २०१९ च्या ऑगस्टमध्ये तुम्ही कुठं होता? कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराच्या धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी गेलेलं ५७ च्या वर. आमच्या तळमजल्यावर छातीएवढं. उतरल्यावर शहाबादीवरचा गाळ खरवडला, फिनेल मारलं, फरशी होती तशी. आजोबांचं सागवानी कपाट सावलीत वाळवलं, आता दार जरा घासतं एवढंच. आणि भावानं हौसेनं केलेलं एमडीएफचं टीव्ही युनिट खालून भिजलेल्या पावासारखं फुगलेलं, स्क्रू बोटानं निघत होते. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू रेझिनमध्ये दाबून केलेला बोर्ड, एकदा फुगला की परत बसत नाही. भिंतीवर पुराची खूण आहे ना, तिच्या खाली टिकणारंच लावा, वर पडदे-रंग दर दिवाळीला बदला की, कोण नको म्हणतंय.

विश्रामबागची सून: आमच्याकडे पुराचं पाणी येत नाही, मग तुमच्या खुणेचा नियम मी का पाळू? आणि शहाबादीचं कौतुक करणाऱ्यांनी ती रोज पुसून दाखवावी. सांध्यातलं सिमेंट उडालेलं, तिथं झुरळं, तेल सांडलं की डाग कायमचा. आमचा जुना ओटा इतका बुटका की भाकरी थापून उठले की कंबर सरळ होत नव्हती. नवा ३४ इंचांवर घेतला तर सासरे म्हणाले फॅशन! कंबर माझी दुखते, त्यांची नाही.

पेठेतला: आमचा वाडा होता. मातीच्या भिंती पाणी पिऊन फुगल्या आणि पूर ओसरल्यावर मागची भिंत बसली. त्यामुळं जुनं ते सोनं आम्हाला सांगू नका.

गावभागकर: मातीच्या भिंतींचं मी कुठं म्हटलं? मी फर्निचरबद्दल बोलतोय.

मिरजेचा सुतार: सरसकट एमडीएफला शिव्या नकोत. गिऱ्हाईकच म्हणतं स्वस्तात बसवा, मग फुगलं की सुतार चोर. पाण्याच्या जागेला बीडब्ल्यूपी, म्हणजे आयएस ७१० या भारतीय मानकाचा वॉटरप्रूफ प्लाय असतो, त्याची उकळत्या पाण्यात ७२ तास टेस्ट असते. एमआर, म्हणजे नुसता दमटपणा सोसणारा प्लाय, सिंकखाली घालायचाच नसतो.

कुपवाडकर: प्लायवरच्या ग्रेडच्या शिक्क्याचं तर बोलूच नका. ७१० म्हणून पैसे घेतले आणि पहिल्याच पावसाळ्यात सिंकखालच्या कपाटाचे पापुद्रे सुटले. फोन केला तर म्हणे तुमचाच पाईप गळतोय.

मिरजेचा सुतार: गळत होता का नव्हता?

कुपवाडकर: थेंब थेंब. ७२ तास उकळायला चालतं आणि थेंबाला चालत नाही?

मिरजेचा सुतार: मग तो ७१० नव्हताच. शिक्का लॅमिनेट चिकटवायच्या आधी बघायचा, फोटो काढायचा, बिलावर ग्रेड लिहून घ्यायची. आणि कापलेल्या कडांना सील केलं नाही, एज बँडची पट्टी मारली नाही तर पाणी तिथूनच शिरतं. साईटवर फिरकायचं नाही आणि नंतर सगळ्या सुतारांना एका दोरीत बांधायचं, हे चालणार नाही.

कुपवाडकर: म्हणजे मी नोकरी सोडून प्लायवर पहारा देत बसू? पैसे देऊन वर तुमचं काम पण मीच तपासायचं? कच्च्या बिलाचा आग्रह तुमच्याच धंद्यात धरतात.

पेठेतला: कच्चं बिल गिऱ्हाईकच मागतं ओ, जीएसटी वाचवायला. दोघंही थांबा.

विश्रामबागची सून: प्लायवरून एवढं भांडताय, पोस्टमधल्या खऱ्या घोळाबद्दल कोणीच बोलत नाही. बिनहँडलच्या ड्रॉवरला वरची खाच असते, त्यात पीठ आणि फोडणीचं तेल बसून चिकट थर होतो. माझ्या नणंदेकडं आहे, ती जुन्या टूथब्रशनं घासत बसते. ट्रेंड काढणाऱ्यांच्या घरी मिरचीचा ठेचा होत नसावा.

गावभागकर: ओट्याची उंची मान्य, ३४ काय ३५ घ्या. पण काळा कडप्पा फोडून पांढरा मार्बल बसवू नका, लिंबू-चिंच पडली की त्याची पॉलिश जाते.

विश्रामबागची सून: मार्बल नाहीच, ग्रॅनाईट घेतलाय. शहाबादी मात्र काढणार, त्यावर वाद नको.

मिरजेचा सुतार: काढलीत तर फेकू नका, गच्चीवर नाहीतर अंगणात बसते. कुपवाडकर, सिंकखालच्या कडेचा फोटो टाका, मधले थर बघून सांगतो काय लावलंय.