सल्ला हवा: रात्रीच्या कबड्डी सामन्यांचे फोटो, बजेट २५ हजार

सुपारीबाग
नमस्कार मंडळी. पुतणी कुमारी गटात कबड्डी खेळते. आमच्याकडे मंडळांच्या स्पर्धा रात्रीच्याच असतात, मातीच्या मैदानावर, चार खांबांवरच्या दिव्यांत. कॅमेरा कॅनन १५००डी, सोबत मिळालेल्या १८-५५ आणि ५५-२५० या दोन लेन्स. गेल्या वर्षी स्पोर्ट्स मोडवर ठेवून चारशे फोटो काढले, धड एक नाही. चेहरा ओळखू येतो, पण हातापायांच्या जागी नुसता धूर. माहिती उघडून पाहिली तर शटर १/१२५ सेकंद, लेन्सचं छिद्र एफ/५.६, संवेदनशीलता आयएसओ ६४००. मित्राचं ऐकून शटर १/१००० केलं तर फोटो काळाकुट्ट, वर आडवा पिवळट पट्टा.
दुकानदार म्हणतो बॉडी बदला. २५ हजारांपर्यंत खर्च करू शकतो. बॉडी की लेन्स?

अंधारखोली
लेन्स. तीही फार महाग नाही. ५० एमएम एफ/१.८ घ्या आणि उरलेले पैसे घरात ठेवा.
तुमच्याच आकड्यांवर हिशेब मांडतो. एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं. एफ/५.६ वरून एफ/२ वर आलात की तीन स्टॉप मिळतात (दर स्टॉपला उजेड दुप्पट), म्हणजे आठपट उजेड. तेच दिवे, तोच आयएसओ ६४००, आणि १/१२५ च्या जागी थेट १/१०००. बॉडी बदलून ही उडी २५ हजारांत मिळणार नाही.
१/१००० का, तेही सांगतो. सेकंदाला पाच मीटर वेगाने पळणारी मुलगी १/१२५ सेकंदात चार सेंटीमीटर सरकते, १/१००० मध्ये अर्धा. हातपाय धडापेक्षा जास्त वेगाने हलतात, म्हणून धूर आधी तिथे दिसतो. उजेड फारच कमी असेल तर १/६४० पर्यंत उतरा, त्याखाली नको.
स्पोर्ट्स मोड सोडा. मॅन्युअल, १/१०००, एफ/२, आयएसओ ६४००, फोकस एआय सर्वोवर (हलत्या माणसामागे सतत फोकस करत राहतो) आणि फक्त मधला बिंदू. तुमच्या कॅमेऱ्यात नऊ बिंदू आहेत, पण क्रॉस टाइप (उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारा) तेवढा एकच, अंधारात तोच खरा कामाचा. व्हाइट बॅलन्स (रंगछटेचं सेटिंग) ऑटो ठेवू नका, नाहीतर एकाच चढाईतले तीन फोटो तीन रंगांचे येतील.
एवढ्या आयएसओला फोटोत दाणे दिसतील. दिसू देत. दाणे नंतर सॉफ्टवेअरमध्ये बरेच कमी करता येतात, हललेला फोटो कशानेच सरळ होत नाही.

निदानरेषा
मी फोटोवाला नाही, पंधरा वर्षं डावा कोपरा, म्हणजे डाव्या टोकाला उभा राहून पकड करणारा, म्हणून खेळलोय. लेन्स कुठलीही घ्या, आधी बसायचं कुठे ते ठरवा. सगळे मध्यरेषेच्या बाजूला गर्दी करतात आणि मग सगळे फोटो पाठमोरे किंवा कानाचे.
चढाई करणारी आत जाताना समोरच्या संघाकडे तोंड करून असते. पण पकड झाली की ती उलटी फिरते आणि मध्यरेषेकडे झेपावते. तो क्षण हवा असेल तर तिच्याच संघाच्या अंतिम रेषेमागे, कोपऱ्यात बसा. तिचा ताणलेला हात, चेहरा आणि मागून कमरेला लोंबकळलेल्या तिघी, सगळं तुमच्याकडे तोंड करून येतं. बोनस रेषेवर जाणारा पाय किंवा पायाने बाद केलेला गडी टिपायचा असेल तर समोरच्या संघाकडचा कोपरा. दोन्ही एका जागेवरून मिळत नाही. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, तेव्हा तुम्हीही उठा.
आणि बसा म्हणजे खालीच बसा. उभ्याने काढलेल्या कबड्डीच्या फोटोत नुसती डोकी आणि माती.

अंधारखोली
वा, हे मला सुचलं नसतं. आता याच जागेवरून लेन्सचं गणित. मुलींचं मैदान १२ × ८ मीटर, म्हणजे अंतिम रेषेपासून मध्यरेषा ६ मीटर. तीन मीटर मागे कोपऱ्यात बसलात तर अंतर साडेनऊच्या आसपास. १५००डीवर ५० एमएममध्ये तिथे साधारण सव्वाचार मीटर रुंदीचं दृश्य मावतं: अख्खी पकड, चौघीही जणी. एफ/२ वर पुढे-मागे धारदार येणारा पट्टाही अडीच-पावणेतीन मीटरचा, म्हणजे फोकस इंचभर चुकला तरी चालून जातं. ८५ एमएम घेतलीत तर रुंदी अडीच मीटर आणि धारदार पट्टा जेमतेम एक मीटर. एकट्या चेहऱ्याला झकास, पकडीला अपुरी. ८५ एफ/१.८ चा फोकस ५० च्या एसटीएम मोटरपेक्षा चपळ आहे हे मात्र खरं.

शटरबहाद्दर
असहमत. खेळ म्हटला की ७०-२००, एफ/२.८. विकत झेपणार नाही, पण मोठ्या शहरांत दिवसाच्या भाड्याने मिळते. झूम नसलेल्या प्राइम लेन्सवर अडकलात तर खेळाडू अंगावर आली की काय करणार?

अंधारखोली
मागे सरकणार. 😀 क्रिकेट-फुटबॉलला ७०-२०० हवीच, वाद नाही. पण कबड्डीचं मैदान खोलीएवढं आणि ७० म्हणजे या कॅमेऱ्याच्या लहान सेन्सरमुळे ११२ सारखी. शिवाय एफ/२.८ म्हणजे एफ/२ च्या निम्मा उजेड. पुरुषांची अंतिम लढत, लांब मंचावरून, तर घ्या भाड्याने.
तुमच्या त्या पिवळट पट्ट्याचं राहिलं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला कळत नाही, १/१००० ला कळतं: कुठे उजेडाचा माथा सापडतो, कुठे तळ, म्हणून पट्टा. काही कॅमेऱ्यांत अँटी-फ्लिकर पर्याय असतो, तो दिव्याच्या माथ्यावरच शटर सोडतो. तुमच्या मेनूत दिसला नाही तर जास्त फोटो काढायचे आणि खराब टाकून द्यायचे, दुसरा इलाज नाही. फ्लॅश लावू नका. मुलींच्या डोळ्यांवर येतो आणि पंच हाकलतात, बरोबरच करतात.

सुपारीबाग
खूप आभार. एक शंका. माझा कॅमेरा सेकंदाला तीनच फोटो काढतो. दहावाला असता तर?

निदानरेषा
सेकंदाला तीन म्हणजे एका फोटोपासून पुढच्यापर्यंत पोरगी दीड मीटरहून जास्त पुढे जाते, म्हणजे बटण दाबून धरलं तर पकड दोन फोटोंच्या मध्येच होऊन जाणार. तुम्ही खेळ वाचा. एका संघाच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला जाणारीला गुण घ्यावाच लागतो, नाहीतर बाद (तुमच्या स्पर्धेत हा नियम आहे का ते विचारून ठेवा). त्या चढाईला मोबाइल खिशात. समोर सहा-सात जणी असतील तर बोनसला पाय जाणार. तिघी उरल्या असतील तर त्या जिवावर उदार होऊन पकड करणार. आणि प्रत्येक चढाईवालीची एक आवडती बाजू असते, पहिल्या पाच मिनिटांत कळते. कोपरावाली गुडघ्यात वाकून घोट्याकडे बघायला लागली की दाबा बटण. तिने झेप घेतल्यावर दाबलंत तर उशीर झाला.

काकूंचाकॅमेरा
थोडं वेगळं सांगते. कुमारी गट म्हणजे अल्पवयीन मुली. स्पर्धेआधी दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांना विचारून घ्या, आणि झटापटीत कपडे सरकलेले फोटो तिथल्या तिथे पुसून टाका, 'नंतर बघू' म्हणू नका. मी हेच करते, म्हणून आता पालक स्वतःच बोलावतात.
दुसरं, रेषेला चिकटून बसू नका. गेल्या वर्षी पाच जणींचा ढीग माझ्या मांडीवर आला. लेन्सपुढचा हूड फुटला, लेन्स वाचली. तीन मीटर मागे म्हणजे तीनच.

घाटावरचा
धाग्यात बैल घुसवतो, माफी. बैलगाडा शर्यतीला १/१००० लावलं की गाडा रस्त्यात उभा केल्यासारखा दिसतो. तिथे उलटं करा: १/६०, गाड्याबरोबर कमरेतून वळत राहा, दाबल्यावरही वळणं थांबवू नका. बैलांची डोकी धारदार, पाय आणि पाठची गर्दी ओढलेली. पन्नासातले तीन जमतात. कबड्डीत मात्र याचा उपयोग नाही, तिथे कोण कुठे वळेल सांगता येत नाही.

सुपारीबाग
स्पर्धा झाली, म्हणून परत आलो. ५० एमएम घेतली. निदानरेषा म्हणाले त्या कोपऱ्यात बसलो. दोन रात्रींत ६४० फोटो, त्यातले एकवीस ठेवले, अकरा खरंच चांगले. पहिल्या रात्री एफ/१.८ वर काढले, ते जरा मऊ आले, दुसऱ्या रात्री एफ/२.२ आणि १/८०० केलं. मागच्या दोन खांबांचा उजेड कमी होता, तिकडे आयएसओ कमी पडला. सगळ्यात चांगला फोटो पुतणीचा नाहीच, तिला बाद करणाऱ्या कोपरावालीचा आहे. घरात थोडी कुरकुर झाली.
आता नवी भानगड. फोकस होताना लेन्समधून कर्रर्र आवाज येतोय. माती गेली असावी. उघडू का?

अंधारखोली
अजिबात उघडू नका, तोंडाने फुंकरही मारू नका, थुंकी आत जाते. या लेन्सचं पुढचं नळकांडं फोकस करताना आत-बाहेर होतं, माती तिथूनच शिरते. लेन्स तोंड खाली करून धरा, रबरी ब्लोअरने कडेकडेने हवा मारा, मग मऊ ब्रशने कडा झाडा. फोकसचं कडं हाताने जोर लावून फिरवू नका. तरी आवाज राहिला तर दुरुस्तीवाल्याकडे, पण आधी खर्चाचा अंदाज विचारा. नव्या ५० च्या किमतीच्या निम्म्यावर गेला तर दुरुस्त न करता लेन्स परत घेऊन या.
आणि तो कोपरावालीचा फोटो इथे टाका, तिच्या प्रशिक्षकांना विचारून.