बँडचं रेकॉर्डिंग अर्धवट, गायकाचं सोलो बाजारात : चालते का हे?

तर्रीवाला
विषय घरचाच आहे. आमच्या बँडच्या गायकाचं एकट्याचं गाणं मागच्या महिन्यात आलं. गाणं झकास आहे, खोटं कशाला बोलू. पण त्यातली गिटारची सुरावट आम्ही त्रिमूर्तीनगरच्या गच्चीवरल्या खोलीत, पत्र्याखाली, भर मे महिन्यात पंखा बंद ठेवून बसवली होती (पंखा माईकमध्ये घुमते). अन् आम्हालाच ती ऐकायला मिळाली फोनवर, साऱ्या दुनियेसोबत.

अमेरिकेतल्या स्ट्रोक्स बँडचं पाहा. त्यांचा गायक ज्युलियन कासाब्लांकासनं 2009 मध्ये स्वतःचा अल्बम काढला. पुढं बँडच्या 2011 च्या 'अँगल्स' अल्बमच्या वेळी बाकीचे चौघं एकीकडे वाजवून राहिले अन् हा दुसरीकडे गाऊन फाइली पाठवून राहिला. याले बँड म्हणायचं?

फुटाळ्याचा
काऊन तापून राहिला भाऊ? अमेरिकेतल्याच किलर्स बँडवाल्यांनी 2010 मध्ये सुट्टी घेतली, त्यांचा गायक ब्रँडन फ्लॉवर्सनं त्याच वर्षी 'फ्लेमिंगो' हा सोलो अल्बम काढला. 2011 मध्ये ड्रमर अन् बेसवाल्यानंही आपापलं केलं. 2012 ला 'बॅटल बॉर्न' अल्बम घेऊन सारे परत एकत्र. आपल्याकडे विशाल ददलानी घे. हिंदी सिनेमात विशाल-शेखर जोडी जमली होती, तरी 2005 मध्ये पेंटाग्राम या आपल्या रॉक बँडसोबत इंग्लंडच्या ग्लास्टनबरी संगीत महोत्सवात गाऊन आला.

तर्रीवाला
किलर्सनी *सांगून* सुट्टी घेतली होती. माझं भांडण तेवढ्याचंच आहे.

सातवी तार
सांगण्या-न सांगण्याचं राहू द्या, नाव कुठं आहे ते पाहा. शब्द त्याचे अन् सुरावट तुमची असेल, तर श्रेयात तुमचं नाव पाहिजे. आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) गाणं नोंदवताना कोणाचा किती वाटा ते लिहावंच लागते. पहिल्या प्रॅक्टिसलाच कागदावर लिहून ठेवत जा, मग रुसवे-फुगवे निम्मे होतात. आम्ही नव्हतं लिहिलं. आमचा बँड आता फक्त व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये उरला आहे, तोही म्यूट.

ड्रमवाली
मी याच बँडमधली, म्हणून बोलते. तर्रीवाले दादा, लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवायला कोण जाते? मागच्या वर्षी तुळशीचं लग्न झालं अन् तुम्ही जे गायब झाले, ते थेट संक्रांतीला तिळगूळ द्यायला आले. मी तेवढे दिवस ऑटोत ड्रम लादून, किक ड्रम मांडीवर घेऊन, दर शनिवारी यायची. बाकी आपला गायक तेवढा एकटाच यायचा. तिथंच बसून त्यानं हे गाणं लिहिलं.

तर्रीवाला
ऑर्केस्ट्राचं मान्य. घर चालवायला लागते. पण तिथं मी आपली गाणी नाही वाजवत ना!

फुटाळ्याचा
हे बाकी खरं आहे.

ड्रमवाली
सुरावटीवर तुमचं नाव पाहिजेच, ते मीही त्याला बोलली. पण खोलीचं तीन महिन्यांचं थकलेलं भाडं त्यानंच भरलं, त्याच सोलोच्या कार्यक्रमाच्या पैशातून.

तर्रीवाला
हेही मला इथंच कळून राहिलं.