मदत हवी आहे: २१ सप्टेंबरला दुपारी १२ वाजता अख्खी सांगली एक मिनिट शांत कशी करायची?

कृष्णाकाठ: जागतिक शांतता दिनाचं मौन शहरभर एकाच वेळी व्हायला हवं. गेल्या वेळी एका शाळेनं पावणेबाराला घेतलं, दुसरीनं सकाळी प्रार्थनेतच उरकलं. भोंगा कुणाकडे मागायचा? अर्जाचा नमुना आहे का? लवकर सांगा, दिवस कमी आहेत.

वाईकर: शाळा किती? महापालिकेच्या की संस्थांच्या? सकाळ सत्र की दुपार? बाजारपेठ धरलीय का? हे कळल्याशिवाय अर्ज कुणाच्या नावे लिहायचा तेच ठरत नाही.

मिरज_जंक्शन: भोंगा अजिबात नको. सप्टेंबरात पावसाळा संपलेला नसतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. २०१९ चा पूर पाहिलेल्या गल्ल्यांत भोंगा वाजला की लोक सामान माळ्यावर टाकायला लागतील. शाळेची, देवळाची, चर्चची घंटा वापरा.

कडेगावकर: भोंग्यानेच जमतं. आमच्या तालुक्यात मोहित्यांचे वडगावला २०२२ पासून रोज संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा होतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. ३० जानेवारीच्या हुतात्मा दिनाचा साचा घ्या: १०:५९ ते ११ भोंगा, दोन मिनिटं मौन, ११:०२ ला पुन्हा भोंगा. तुमच्यासाठी ११:५९ ला पहिला, १२:०१ ला दुसरा. दुसरा इशारा विसरू नका. मौन कधी संपलं ते कळलं नाही की मागच्या रांगा आधीच बोलायला लागतात.

मिरज_जंक्शन: वडगावात तो रोज वाजतो, म्हणून त्याचा अर्थ पक्का आहे. वर्षातून एकदा वाजणाऱ्या भोंग्याचा अर्थ ज्याचा तो लावणार.

विश्वबंधू: मुळात स्थानिक १२ कशाला? साऱ्या जगानं एकाच क्षणी थांबावं. ग्रीनिचचे १२ धरा.

वाईकर: म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच, शाळा सुटलेल्या. स्थानिक १२ मुळे मौन पॅसिफिकच्या बेटांवर सुरू होऊन देशोदेशी पश्चिमेकडे सरकत येतं, ते मला जास्त मोलाचं वाटतं. आणि फलक छापण्याआधी तारीख तपासा. १९८२ पासून हा दिवस सप्टेंबरच्या तिसऱ्या मंगळवारी असे, जुन्या पुस्तकांत तेच सापडतं. २१ तारीख २००१ च्या ठरावानं ठरली, २००२ पासून लागू झाली.

सातारारोड: २ ऑक्टोबरला घ्या ना. तोही संयुक्त राष्ट्रांचाच, अहिंसा दिन, २००७ पासून.

वाईकर: त्या दिवशी सुट्टी असते. शिवाय २१ सप्टेंबर हा शस्त्रसंधीचा दिवस आहे. निदान एक दिवस तरी गोळी सुटू नये, हे आवाहन मुलांना वेगळं सांगायलाच हवं.

कागदी_सारस: मुलांकडून शांततेची खूण म्हणून घड्या घालून कागदाचे सारस पक्षी करून घ्या. ए-फोर कागदातून साडेदहा सेंटिमीटरचे चार चौकोन निघतात, म्हणजे १००० सारसांना २५० कागद. झेरॉक्सचा कागद जाड, चोचीची घडी फुगते, म्हणून नवख्यांना २१ सेंटिमीटरचा एकच चौकोन द्या. माळा व्हरांड्यात नको, दमट हवेनं पंख पडतात.

कृष्णाकाठ: सारस नकोत हो! शाळा ७, तीन महापालिकेच्या, बाकी संस्थांच्या. दोन सकाळ सत्राच्या. आणि गणपती मंडळांच्या स्पीकरचं काय करायचं?

वाईकर: यंदा २१ तारीख गणपतीत येते हे आधी सांगायचं! मग उत्सवाआधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते, तिथेच विषय मांडा. ११:५८ ते १२:०२ स्पीकर बंद, एवढंच मागा. सकाळची आरती तोवर झालेली असते. महापालिकेच्या शाळांसाठी शिक्षण विभागाच्या प्रशासनाधिकाऱ्यांना एकच अर्ज द्या आणि परिपत्रक मागा. संस्थांच्या शाळांत थेट मुख्याध्यापकांना भेटा. अर्जात तारीख, वार, वेळ आणि घंटा कोण देणार एवढं पुरे.

मिरज_जंक्शन: घंटा देणाऱ्या शिपायाच्या हातात मोबाइल द्या, भिंतीवरची घड्याळं प्रत्येक शाळेत दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे असतात. सकाळ सत्राची मुलं १२ ला वर्गातच ठेवा. फाटकाशी रिक्षा उभ्या असतात, तिथे मौन टिकत नाही.