अकेशिया हे नाव बाभळीकडून काढून घेणं बरोबर होतं का?

माळकरी
बाभळीचं शास्त्रीय नाव आता अकेशिया निलोटिका नाही, व्हॅचेलिया निलोटिका. खैरही अकेशियातून बाहेर, तो सेनेगालिया कटेचू. अकेशिया हे नाव गेलं ऑस्ट्रेलियाच्या झाडांना.

मला हे पटत नाही. ग्रीक ‘अकिस’ म्हणजे टोक, काटा. त्यावरून ‘अकाकिया’ आलं असं मानतात. पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस या वैद्याने इजिप्तमधल्या काटेरी झाडाला आणि त्याच्या तुरट औषधी रसाला हे नाव वापरलं. ते झाड नाईलकाठची बाभूळच. १७५४ साली फिलिप मिलर या वनस्पतिशास्त्रज्ञाने प्रजातीलाही, म्हणजे जवळच्या जातींच्या सगळ्या गटालाही, तेच नाव दिलं. आणि ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक अकेशियांना काटाच नाही!

हर्बेरियमवाला
काट्यावर नाव ठरत असतं तर बोरही अकेशिया झाली असती. डीएनए तपासल्यावर कळलं की जुन्या अकेशियातली सगळी झाडं एका वंशाची नाहीत. फोड करणं भाग होतं आणि जुनं नाव एकाच गटाला मिळणार होतं. ऑस्ट्रेलियाच्या गटात हजाराच्या आसपास जाती, बाभळीच्या गटात दीडशेच्या वर, खैराच्या गटात दोनशेच्या आसपास. नाव बाभळीकडे ठेवलं असतं तर त्या हजार जाती राकोस्पर्मा झाल्या असत्या.

माळकरी
मग अग्रक्रमाचा, म्हणजे आधी दिलेलं नावच टिकवायचं हा नियम कशाला? २००५ साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत सुमारे ५५ टक्के मतं या बदलाच्या विरोधात होती. तरी बदल टिकला, कारण बदल सुचवणाऱ्या समितीची शिफारस फेटाळायला ६० टक्के हवी होती. २०११ ला शिक्कामोर्तब झालं ते मेलबर्नला. घरच्या मैदानावर!

हर्बेरियमवाला
मेलबर्नचा टोमणा मस्त, पण मतदानाला लोक जगभरातून आले होते. रूढ नाव राखण्यासाठी अग्रक्रम बाजूला ठेवायची सोयही त्याच नियमांत आहे.

रानवेडी
मी माळकरींच्या बाजूने. ऑस्ट्रेलियन लोक त्यांच्या झाडांना रोजच्या बोलण्यात ‘वॅटल’च म्हणतात, त्यांचं काय अडलं होतं? शिवाय व्हॅचेल कोण, तर मकावमधला ईस्ट इंडिया कंपनीचा पाद्री. १८३४ मध्ये वाइट आणि आर्नॉट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याचं नाव देवबाभळीला दिलं, ती मूळची अमेरिकेची. आता शेताच्या बांधावरची बाभूळ त्या पाद्र्याच्या नावाने ओळखायची?

कातळसडा
आमच्या कोकणात रस्त्याकडेला लावलेल्या त्या ऑस्ट्रेलियन झाडाला लोक कित्येक वर्षं अकेशियाच म्हणतात. शास्त्राने उशिरा ऐकलं, एवढंच :) गंमत बघायची तर त्याचं कोवळं रोप बघा. पहिली पानं बाभळीसारखी बारीक, पिसासारखी. मग देठच चपटा होत जातो आणि आपण त्यालाच पान समजतो.

माळकरी
रोपाची गंमत खरी. पण तुमचं झाड लावलेलं, आमची बाभूळ आपोआप उगवलेली. औताला, बैलगाडीला लाकूड तिचं, डिंक तिचा, शेंगा शेळ्यांना. आणि नाव दुसऱ्याचं.

हर्बेरियमवाला
शेळ्यांना लॅटिन येत नाही हो. मला काळजी जुन्या नोंदींची आहे. वनखात्याच्या आणि औषधी वनस्पतींच्या कागदांत सगळीकडे अकेशिया निलोटिका आहे. नव्या पाट्या लिहिताना जुनं नावही शेजारी ठेवा, नाहीतर पोरं दोन वेगळी झाडं शोधत बसतील.

रानवेडी
ते करू. पण पाद्री मला अजून मान्य नाही.