अनुभव धागा: ‘प्रार्थनेत धरा, पण कुणाला सांगू नका’

राखेचा बुधवार झाला, ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला, की मटण सोडणारे पुष्कळ भेटतात. जीभ आवरणारे कमी. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातला जिभेवरचा तिसरा अध्याय आपल्याला पाठ असतो: घोड्याचा लगाम, जहाजाचं सुकाणू, रान पेटवणारी ठिणगी. उपासना संपली की आवारातच ठिणग्या उडायला लागतात. चुगली आणि गर्व यांतून प्रभूने तुम्हाला कसं बाहेर काढलं (किंवा अजून काढतोय) ते लिहा. अट एकच: जावेने काय केलं ते नको, स्वतः काय केलंत ते लिहा.

नगरहून, निवृत्त शिक्षिका

मी भगिनी मंडळात बरीच वर्षं आहे. आमच्यात चुगली कधी चुगली म्हणून होत नाही, ती प्रार्थनाविनंती होऊन येते. ‘अमकीच्या घरासाठी प्रार्थना करा हं, फार बिकट चाललंय.’ मग प्रार्थना अर्धा मिनिट आणि ‘बिकट’ काय ते पाऊण तास.

मंडळातल्या एका बहिणीची मुलगी सासरहून परत आली होती. तिने ते मला एकटीला सांगितलं. मी तिघींना ‘प्रार्थनेत धरा’ म्हणून सांगितलं. रविवारपर्यंत चर्चच्या अख्ख्या मंडळीला ठाऊक. तिने प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीला, येणं बंद केलं.

पुढच्या प्रभुभोजनाच्या आधी पाळकसाहेबांनी मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायाचा भाग वाचला. वेदीपाशी अर्पण ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. माझे पाय गार पडले. भाकर न घेता उठले आणि तशीच तिच्या घरी गेले. ती मेथी निवडत बसली होती. मी सगळं कबूल केलं, रडलेही. तिने मान वर केली नाही. एवढंच विचारलं, ‘बाई, निदान प्रार्थना तरी केली होतीत का?’

केली नव्हती. एकदाही नाही.

चहा विचारला नाही तिने. आमच्याकडे दारी आलेल्याला चहा न विचारणं म्हणजे काय, ते कळणाऱ्याला कळेल.

वसईहून

माझा रोग घराण्याचा. ‘आम्ही मूळचे सामवेदी ब्राह्मण’ हे मी बाप्तिस्म्याच्या दाखल्यासारखं मिरवायचो. चारशे वर्षांपूर्वी सोडलेलं जानवं मनात घट्ट! पवित्र गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्या आठवणीत होणाऱ्या पाय धुण्याच्या विधीला बारा जणांत माझं नाव आलं, तर मी घरून साबण लावून, नखं कापून, नवी चप्पल घालून गेलो. पूर्वी या विधीला पुरुषच असत. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला, तेव्हापासून आमच्याकडे बायकाही बसतात. माझ्या शेजारी बाजारात टोपली घेऊन बसणारी एक म्हातारी होती. टाचांना भेगा, भेगांत माती. मी खुर्ची जराशी सरकवली. फादरनी माझे पाय धुतले, पुसले, मग गुडघ्यांवरच सरकत तिच्यापुढे गेले. घंगाळातलं पाणी गढूळ झालं. तिच्या टाचेवर त्यांनी ओठ टेकले आणि मला माझ्या त्या सरकवलेल्या खुर्चीची लाज वाटली. रोग गेला म्हणत नाही. मुलीच्या लग्नाच्या वेळी पुन्हा डोकं वर काढलंच होतं.

पुण्याहून, तरुण संघाचा ॲडमिन

ग्रुपवर एकच नियम केला: गैरहजर माणसाचं नाव निघालं की त्यालाच कॉल लावायचा, स्पीकरवर. ग्रुप आता शांत आहे. आधी काय चालत होतं ते बघा.

नाव नको

थोडं वेगळं बोलते. आमच्या मंडळीत वर्गणीचा हिशेब विचारला तर मलाच ‘चहाडखोर’ ठरवलं. प्रत्येक बोलणं चुगली नसतं. कित्येकदा ‘जीभ आवरा’ हे हिशेब दडवणाऱ्यालाच सोयीचं पडतं.

धागाकर्ती

अगदी खरं. म्हणूनच मत्तय १८ मध्ये पायऱ्या आहेत: आधी एकट्याने त्याच्यापाशी, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. चुगलीत पहिली पायरीच गाळलेली असते. तुम्ही तर थेट त्यांनाच विचारलंत.

मुंबईहून

मंडळीपुढे साक्ष (स्वतःचा अनुभव) देताना मी सांगायचो, प्रभूने मला किती नम्र केलं. एकदा बायको म्हणाली, ‘नम्रतेवर वीस मिनिटं बोललात.’ लूक १८ मधल्या, ‘मी इतरांसारखा पापी नाही’ म्हणून देवाचे आभार मानणाऱ्या धर्मनिष्ठ परुश्याची गोष्ट वाचून ‘बरं झालं, मी तसला नाही’ असं मनात म्हणणारा मीच. दुसऱ्याचं कुसळ, आपलं मुसळ. शाळेत ही म्हण शिकलो तेव्हा ती बायबलमधली आहे हेही माहीत नव्हतं.

वसईहून

नगरच्या ताई, पुढे काय झालं?

नगरहून

ती मंडळात परत आली, दोन वर्षांनी. माझ्या बाकावर बसत नाही. मी आता खरंच प्रार्थना करते, नाव घेऊन, दार लावून. मुलीचं काय झालं ते विचारू नका. सांगणार नाही.