दर उन्हाळ्यात गॅस कमी होणारा आर-४१०ए एसी: गळती सुरक्षितपणे कशी शोधावी व दुरुस्त करावी?

प्रश्न (अभ्यासिका व्यवस्थापक, सोलापूर)

नमस्कार. सोलापुरात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी आम्ही एक अभ्यासिका चालवतो. सभागृहात दोन टनांचे चार स्प्लिट एसी आहेत. त्यांपैकी तीन आर-४१०ए या गॅसवर चालतात आणि नंतर घेतलेला चौथा आर-३२ वर. आर-४१०ए च्या एका एसीचा थंडावा काही वर्षांपासून दर उन्हाळ्याच्या तोंडावर कमी होतो. मेकॅनिक येऊन गेज लावतो, गॅस भरतो, तेवढा हंगाम निभावतो आणि पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तीच तक्रार उभी राहते. गॅस दरवर्षी थोडा संपतोच, असे त्याचे म्हणणे आहे.

यंदा मी आधी गळती शोधण्याचा आग्रह धरला. त्यावर त्याने सांगितले की, वेल्डिंगसाठी आणलेल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरनेच पाइपमध्ये दाब देऊन गळती पाहता येईल, आत उरलेला गॅस न काढताच जोड वेल्डिंगने बुजवता येईल, आणि आर-४१०ए महाग असल्यामुळे त्याऐवजी दुसरा स्वस्त गॅस भरता येईल. मला या विषयातले तांत्रिक ज्ञान नाही, पण खोली दिवसभर बंद असते आणि मुले सकाळपासून रात्रीपर्यंत तिथेच बसलेली असतात, म्हणून काम सुरू करण्याआधी जाणकारांचे मत घ्यावेसे वाटले.

उत्तर १ (प्रशीतन व वातानुकूलन शाखेचे निदेशक)

नमस्कार. आपण काम थांबवून विचारले हे फार चांगले केले, कारण सुचवलेल्या तिन्ही गोष्टी धोकादायक आहेत आणि पहिली तर जीवघेणी आहे. कॉम्प्रेसरमधले थोडे तेल गॅसबरोबर सर्व पाइपांतून फिरत असते. दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन त्या तेलाला भेटला की ठिणगी नसतानाही स्फोट होऊ शकतो. दाबाच्या चाचणीसाठी फक्त कोरडा नायट्रोजन वापरावा, आणि तोही रेग्युलेटर लावूनच, कारण भरलेल्या सिलिंडरमधला दाब सुमारे १५० बार म्हणजे २,००० पीएसआयहून (पौंड प्रति चौरस इंच) अधिक असतो आणि तो थेट पाइपात सोडल्यास कॉइल फुटू शकते. आपल्याकडे नायट्रोजनचे सिलिंडर करड्या रंगाचे व काळ्या गळ्याचे, तर ऑक्सिजनचे काळे व पांढऱ्या गळ्याचे असते. तरीही केवळ रंगावर विसंबू नये, सिलिंडरवरचे नाव स्वतः वाचावे.

आता "गॅस दरवर्षी संपतो" या म्हणण्याविषयी. एसीचे चक्र बंदिस्त असते. त्यात गॅस जळत नाही आणि खर्चही होत नाही. कॉम्प्रेसर, बाहेरची कॉइल, कॅपिलरी किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (गॅसचा दाब उतरवणारा भाग) आणि आतली कॉइल यांतून तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी छिद्र आहे, आणि छिद्र तसेच ठेवून वरून गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय.

दाबाचा अंदाज यावा म्हणून काही आकडे देतो. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर असतो, तेव्हा बाहेरच्या कॉइलमध्ये गॅस साधारण ५५ अंशांना द्रव होत असतो. त्या तापमानाला जुन्या आर-२२ चा दाब सुमारे ३०० पीएसआय असतो, तर आर-४१०ए चा सुमारे ४८०. यंत्र बंद करून ठेवले तरी ४० अंशांच्या दुपारी आर-४१०ए चा दाब ३३० पीएसआयच्या वर राहतो, त्यामुळे एसी बंद केला म्हणजे पाइप उघडायला हरकत नाही हा समज चुकीचा आहे. आर-३२ चे दाबही जवळपास असेच असतात. म्हणून मेकॅनिककडचे मॅनिफोल्ड गेज (दाब मोजण्याचे साधन) आणि होज (त्याच्या नळ्या) आर-४१०ए साठीचेच आहेत ना, हे पाहून घ्या. आर-२२ च्या काळातील जुने होज या दाबासाठी बनलेले नसतात.

गॅस आत असताना वेल्डिंग, म्हणजे खरे तर ब्रेझिंग (ज्योतीने मिश्रधातू वितळवून जोड बुजवणे), कधीही करू देऊ नका. एक तर दाबाखाली वितळलेला धातू उडतो, आणि दुसरे म्हणजे ज्योतीच्या संपर्कात या गॅसचे विघटन होऊन हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी, फुप्फुसे जाळणारे पदार्थ तयार होतात. आर-२२ मध्ये क्लोरिन असल्यामुळे त्यातून फॉस्जीनही तयार होऊ शकतो. ब्रेझिंग चालू असताना डोळे व नाक चुरचुरू लागले, तर ज्योत बंद करून सर्वांनी तत्काळ बाहेर पडावे.

दुसरा गॅस भरण्याविषयी एवढेच सांगतो की, यंत्र, तेल आणि गॅस यांची जोडी ठरलेली असते. स्वस्त गॅस म्हणून जे सुचवले जाते त्यात अनेकदा प्रोपेनसारखे हायड्रोकार्बन असते. प्रोपेन, म्हणजे आर-२९०, हा मुळात वाईट गॅस नाही आणि त्यासाठीच बनवलेले एसी बाजारात मिळतात, पण हवेत त्याचे प्रमाण सुमारे २ टक्के झाले तरी तो पेटू शकतो. आपल्या यंत्राची विद्युत जोडणी त्या दृष्टीने केलेली नाही, आणि समोर बंद खोलीत मुले बसलेली आहेत.

उत्तर २ (शीतगृह चालक, पंढरपूर)

आमच्याकडे बेदाण्याच्या शीतगृहात अमोनिया वापरला जातो. अमोनिया विषारी असला तरी त्याचा एक उपकार असा की, अगदी थोडा सुटला तरी उग्र वासाने माणूस आपोआप दूर होतो. आर-४१०ए व आर-३२ यांना जाणवण्याजोगा वास नसतो. हवेपेक्षा जड असल्यामुळे हे गॅस जमिनीलगत आणि कोपऱ्यांत साचतात व तिथली हवा बाजूला सारतात. त्यामुळे वास येत नाही म्हणजे गळती नाही, असा निष्कर्ष काढू नका. दुरुस्तीच्या दिवशी सभागृह पूर्ण रिकामे ठेवा, दारे-खिडक्या उघडा, आणि मेकॅनिकला एकट्याने काम करू देऊ नका.

आणखी एक. आर-४१०ए उणे ५१ अंशांना उकळतो. द्रव गॅस त्वचेवर उडाला तर तेवढी जागा गोठते. अशा वेळी ती जागा चोळू नये, शेकू नये. कोमट पाणी ओतत राहावे. डोळ्यात गेला तर किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन थेट रुग्णालयात न्यावे. गॅसमुळे कोणाला चक्कर आली, तर त्याला मोकळ्या हवेत आणावे आणि डॉक्टरांना गॅसचे नाव अवश्य सांगावे, कारण अशा रुग्णाला ॲड्रेनालीनसारखी औषधे देताना हृदयाच्या ठोक्यांबाबत विशेष काळजी घ्यावी लागते. चष्मा आणि हातमोजे मागितल्यावर जो मेकॅनिक हसतो, त्याला आम्ही आमच्या आवारात काम देत नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आज दुसऱ्या मेकॅनिकला बोलावले. बाहेरच्या युनिटजवळ चार सुतांच्या (अर्ध्या इंचाच्या) पाइपाच्या नटाभोवती धुळीचा एक काळपट, चिकट थर दिसला; इतर नटांवर धूळ आहे, पण ती फुंकर मारली तरी उडते. यंत्र बंद करून तिथे साबणाचा फेस लावला तेव्हा काही वेळ काहीच झाले नाही, आणि मग नटाच्या खालच्या कडेला एक बारीक बुडबुडा हळूहळू फुगत गेला. नट आवळून भागेल का? तसेच हा मेकॅनिक म्हणतो की, पंप डाउन करून सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेऊ, म्हणजे गॅस वाया जाणार नाही. हे योग्य आहे का?

उत्तर ३ (प्रशीतन व वातानुकूलन शाखेचे निदेशक)

निरीक्षण अचूक आहे. गॅसबरोबर तेलाचा अंश झिरपतो आणि त्यावर धूळ चिकटते, म्हणून चिकट धूळ ही गळतीची सर्वांत जुनी खूण मानली जाते. बुडबुडा मिळाला तरी तिथेच थांबू नका. इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर मिळाल्यास आतल्या युनिटचा पंखा बंद करून उरलेले सर्व जोड आणि कॉइलचे बेंड तपासून घ्या. गॅस जड असल्यामुळे डिटेक्टरचे टोक जोडाच्या खालच्या बाजूने अगदी सावकाश फिरवावे.

पंप डाउनचा आग्रह मात्र मोडून काढा, आणि हे मी फार गांभीर्याने लिहीत आहे. पाइप निरोगी असताना यंत्र दुसरीकडे हलवण्यासाठी पंप डाउन करतात, ते ठीक आहे. पण गळका जोड सक्शनच्या (गॅस कॉम्प्रेसरकडे परत नेणाऱ्या) पाइपावर असेल आणि कॉम्प्रेसर त्या बाजूचा दाब शून्याखाली नेत असेल, तर त्याच छिद्रातून बाहेरची हवा आत ओढली जाते. हवा आणि तेल यांचे मिश्रण कॉम्प्रेसरमध्ये दाबले गेले की ते डिझेल इंजिनातल्या इंधनासारखे आपोआप पेटते आणि कॉम्प्रेसरचे कवच फुटते. गळती असताना पंप डाउन करू नये, असे कंपन्यांच्या पुस्तिकांत याच कारणाने बजावलेले असते. उरलेला गॅस रिकव्हरी यंत्राने वेगळ्या सिलिंडरमध्ये काढून घ्यावा. ते सिलिंडर रिकव्हरीसाठीचेच असावे, एकदाच वापरायचे नसावे, आणि ते ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरू नये, कारण उन्हात द्रव प्रसरण पावला तर त्याला जागा उरत नाही. गॅस हवेत सोडून देणेही योग्य नाही. एक किलो आर-४१०ए चा तापमानवाढीवरचा परिणाम सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडएवढा असतो, आणि या गॅसांचा वापर टप्प्याटप्प्याने घटवण्याच्या मॉन्ट्रियल करारातील किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली आहे.

नट आवळण्याबद्दल सांगायचे तर, फ्लेअर (नटाखाली बसणारे पाइपाचे रुंदावलेले तोंड) जुना असेल, चिरला असेल किंवा आत बर (कापताना उरलेली धारदार कड) असेल तर आवळून तात्पुरते थांबते आणि अति आवळल्यास तो तांब्याचा गळा आणखी पातळ होतो. गॅस काढून झाल्यावर पाइपाचे टोक कटरने कापावे, तोंड खाली धरून रीमरने बर काढावी म्हणजे कीस आत पडत नाही, नवा फ्लेअर करावा, त्यावर याच यंत्राच्या तेलाचे दोन थेंब लावावेत आणि नट टॉर्क पान्याने आवळावा. दोन सुतांच्या नटाला साधारण १४ ते १८ आणि चार सुतांच्या नटाला ४९ ते ६१ न्यूटन-मीटर लागतात, पण आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम मानावा. कुठे ब्रेझिंगची गरज पडलीच, तर पाइपातून नायट्रोजनचा मंद झोत चालू ठेवावा, नाहीतर आत काळी काजळी धरते आणि ती पुढे कॅपिलरीत अडकते.

त्यानंतर नायट्रोजनची चाचणी घ्यावी. दाब आधी ५० पीएसआय, मग २०० च्या आसपास आणि शेवटी ५५० किंवा नेमप्लेटवर दिलेली मर्यादा, यांतील जे कमी असेल तिथवर टप्प्याटप्प्याने वाढवावा; प्रत्येक टप्प्यावर थांबून पाहावे. रात्रभर दाब ठेवणार असाल तर तापमानाचा हिशेब लक्षात घ्या. दुपारी ४० अंशांत ५५० पीएसआय भरलेला नायट्रोजन पहाटे २६ अंशांत, कुठेही गळती नसताना, सुमारे ५२५ दाखवतो. त्याहून जास्त उतार असेल तर शोध पुन्हा सुरू करावा.

चाचणी उत्तीर्ण झाल्यावर व्हॅक्यूम पंप लावून ५०० मायक्रॉनच्या खाली यावे (मायक्रॉन हे निर्वाताचे माप; आकडा जितका कमी, तितकी आत हवा कमी). साध्या गेजवर हे दिसत नाही, त्यासाठी मायक्रॉन गेज लागते. पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून थोडा वेळ पाहावे: आकडा वाढून एका ठिकाणी थांबला तर आत ओल आहे, वाढतच राहिला तर गळती आहे. आर-४१०ए बरोबरचे तेल हवेतली ओल झपाट्याने शोषते, म्हणून पाइपांची तोंडे गरजेपेक्षा जास्त वेळ उघडी राहू देऊ नयेत. शेवटी गॅस वजन करून, द्रवरूपात भरावा. आर-४१०ए हे आर-३२ आणि आर-१२५ यांचे निम्मे-निम्मे मिश्रण असल्यामुळे सिलिंडरच्या वरच्या भागातला वाफरूप गॅस घेतला तर प्रमाण बदलू शकते. नेमप्लेटवर ग्रॅममध्ये वजन दिलेले असते. पाइप ठरावीक लांबीपेक्षा लांब असेल तर पुस्तिकेप्रमाणे वाढीव गॅस घालावा. केवळ "बॅक प्रेशर" (सक्शनच्या पाइपातला दाब) पाहून गॅस भरण्याची सवय आर-२२ च्या काळातली आहे.

प्रश्नकर्ता

समजले. आमच्या आर-३२ च्या यंत्राबाबत काही वेगळी काळजी घ्यावी का?

उत्तर ३ (प्रशीतन व वातानुकूलन शाखेचे निदेशक)

आर-३२ सौम्य ज्वलनशील गटात मोडतो. हवेत सुमारे १४ टक्के प्रमाण झाल्यावरच तो पेटू शकतो. १०० चौरस फुटांच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत एक किलो गॅस सुटून सगळीकडे समान पसरला तरी तो त्या मर्यादेच्या बराच खाली राहतो. मात्र गळतीच्या अगदी जवळ आणि जमिनीलगत प्रमाण जास्त असते, म्हणून दुरुस्तीच्या वेळी उघडी ज्योत, सिगारेट आणि ठिणगी पडणारी साधने दूर ठेवावीत, आणि रिकव्हरी यंत्र व व्हॅक्यूम पंप या गॅससाठी चालणारेच वापरावेत. बाकी पद्धत वर लिहिली तीच.

दुरुस्तीच्या पावतीवर मेकॅनिककडून चार गोष्टी लिहून घ्या: किती ग्रॅम गॅस काढला, नायट्रोजनचा दाब किती तापमानाला किती ठेवला, व्हॅक्यूम किती मायक्रॉनपर्यंत गेला आणि किती ग्रॅम गॅस भरला. पुढच्या मार्चमध्ये थंडावा कमी झालाच, तर गळती याच जोडाची आहे की आतल्या कॉइलची, हे ठरवायला नव्या माणसाला हे आकडे लागतील.