मदत हवी आहे: उन्हाळ्यानंतर शाळा नक्की कधी सुरू व्हावी? पालकसभेत बोलायचंय, मुद्दे सुचवा

नमस्कार मंडळी,

आमच्या शाळेत एकाच आवारात राज्य मंडळ आणि सीबीएसई असे दोन विभाग आहेत आणि आमचं एकेक कार्टं एकेकीकडे आहे. म्हणजे धाकटीचं वर्ष १ एप्रिललाच सुरू होतं, तीन-चार आठवडे शाळा, मग सुट्टी, मग जूनच्या पहिल्या आठवड्यात परत शाळा. आणि थोरल्याची एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा चालू, त्याची शाळा उघडणार थेट जूनच्या मध्यावर. दोघांना एकदम सुट्टी अशी फक्त मे महिन्यात मिळते, त्यामुळे गावी जायचं तर भर उन्हात, नाहीतर नाहीच.

आता शाळेने पालकांकडून मतं मागवलीत की उन्हाळ्यानंतर दोन्ही विभाग एकाच तारखेला उघडावेत का, आणि उघडायचे तर कधी. ग्रूपवर तुंबळ युद्ध सुरू आहे. एक गट म्हणतो १ जून, मुलं घरी बसून मोबाईलमध्ये घुसतात. दुसरा म्हणतो १५ जूनच्या आत नको, जीव जाईल. तिसऱ्या गटाला एप्रिलच बंद करायचाय. मी पालक समितीवर आहे म्हणून मला बोलायला उभं करणार. माझा कल १५ जूनकडे आहे पण 'मला वाटतं' याच्यापलीकडे हातात काही नाही. दोन्ही बाजूंचे ठोस मुद्दे हवेत, विशेषतः विरुद्ध बाजूचे, कारण तिथे एक वकीलकाका आहेत आणि ते कोणालाच सोडत नाहीत.

— दोन_दप्तरं

खडूफळा:
शिक्षिका आहे, सीबीएसई शाळेतच. आधी नियमाचं बोलते म्हणजे वकीलकाका गप्प बसतील. राज्य मंडळाच्या विभागाची तारीख शाळेच्या हातात नसतेच, ती शिक्षण विभागाच्या परिपत्रकाने ठरते. त्यामुळे 'दोघांसाठी एक तारीख' याचा अर्थ सीबीएसईवाल्यांनी तिकडे सरकायचं, उलटं होणार नाही. दुसरं म्हणजे दिवसांचा हिशोब. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे असं आहे. म्हणजे जूनचे दोन आठवडे सोडले तर ते दिवाळीत, नाताळात नाहीतर शनिवारी कुठेतरी भरून काढावे लागणार. सभेत हे कोणीच बोलत नाही, सगळे सुट्टी आकाशातून पडल्यासारखी मागतात.

आता एप्रिलचं खरं सांगू का? खालच्या वर्गांना त्या तीन आठवड्यांत जे शिकवतो ते जूनमध्ये पुन्हा शिकवतो. निम्म्यांकडे पुस्तकं आलेली नसतात, गावाला गेलेली मुलं जूनमध्येच उगवतात. पण दहावीला मात्र तो एप्रिल सोन्यासारखा आहे कारण सीबीएसईची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीच्या मध्यापासून सुरू होते, पोर्शन लवकर संपवावा लागतो. म्हणून काही शाळा आणखी आधी सुरू करायला लागल्या होत्या, शेवटी २०२३ मध्ये बोर्डाला सांगावं लागलं की बाबांनो १ एप्रिलच्या आधी नवीन वर्ष सुरू करू नका. तेव्हा सगळ्या इयत्तांना एकच तारीख हवी का, हाही प्रश्न विचारा.

वऱ्हाडी_४६:
राजेहो, तुम्ही १ जून म्हणता, आमच्याकडे तेव्हा नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ भयंकर तापलेले दिवस, संपलेलाही नसतो! पारा ४५ च्या आसपास, वर्गावर पत्रे, पंखा फिरतो तो गरमच हवा फेकतो. म्हणूनच विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा आठवडा-दोन आठवडे उशिरा उघडतात, आणि ते वर्षानुवर्षं चालू आहे, कोणाचं शिक्षण बुडलं नाही. २०२५ ला पहिली ते नववीच्या परीक्षा एप्रिलच्या शेवटापर्यंत लांबवल्या तेव्हा इकडून किती ओरड झाली आठवते ना. उन्हाळ्याची शाळा ठेवायचीच तर सकाळची ठेवा. अकरा वाजता सुटली पाहिजे. पण मग सुटल्यावर पोरगं भर उन्हात घरी येतं तेही बघा. एसी बसवाल्या शाळेचा हिशोब सायकलवाल्या पोराला लावू नका.

चष्मा_कुठंय:
उलट बाजू हवी होती ना, घ्या. ऊन टाळायला १५ जून म्हणता म्हणजे बरोब्बर पावसाच्या तोंडावर शाळा उघडणार. कोकणात, मुंबईत तेव्हाच मान्सून येतो. पहिल्या महिन्यातच 'अतिवृष्टीमुळे सुट्टी' सुरू. केरळात शाळा १ जूनला उघडतात आणि मान्सूनही साधारण त्याच दिवशी दाखल होतो, म्हणून २०२५ मध्ये तिथल्या शिक्षणमंत्र्यांनी सुट्टी एप्रिल-मेऐवजी जून-जुलैत न्यायची का यावर जाहीर चर्चाच सुरू केली. त्यावर लगेच लोक म्हणाले मग मुलांनी मे महिन्याच्या उकाड्यात वर्गात बसायचं का. तर मुद्दा असा की तुम्ही एक तर उन्हाचे दिवस गमावणार नाहीतर पावसाचे, दोन्ही वाचवणारी तारीख कॅलेंडरमध्ये नाही. कुठले गमवायचे ते गावागणिक बदलतं. मी स्वतः १ जूनवाला आहे, पण शहर बघून.

मुक्काम_पोस्ट:
बाहेर पण हेच चालतं बरं का. जर्मनीत प्रत्येक राज्याची उन्हाळी सुट्टी मुद्दाम वेगवेगळ्या तारखांना ठेवतात, सगळा देश एकदम रस्त्यावर येऊ नये म्हणून, आणि बव्हेरिया शेवटी, तिथे शाळा सप्टेंबरच्या मध्यावर उघडते. अमेरिकेत व्हर्जिनियात १९८६ पासून कायदा होता की सप्टेंबरच्या सुरुवातीचा लेबर डे झाल्याशिवाय शाळा सुरू करायची नाही, आणि लोक त्याला एका अम्युझमेंट पार्कच्या नावाने ओळखायचे, कारण पर्यटनवाल्यांना ऑगस्टभर गिऱ्हाईक आणि स्वस्तात कामाला पोरं हवी होती. २०१९ मध्ये तो सैल केला. टेक्सासमध्ये ऑगस्टचा चौथा सोमवार हा नियम, पण सूट घेतलेल्या शाळा आधीच उघडतात. जपानने २०२० मध्ये कोविडच्या वेळी वर्ष एप्रिलवरून सप्टेंबरला न्यायचा विचार केला आणि गुंडाळला. काश्मीरमध्ये तर २०२२ ला मार्चचं सत्र आणलं आणि २०२४ ला परत नोव्हेंबरला नेलं. तारीख बदलली की परीक्षा, प्रवेश, नोकरीचं वय सगळं हलतं, म्हणून कोणी सहज हात लावत नाही. तुमच्या सभेत तारखेमागे कोणाचा फायदा आहे ते शोधा, बसवाला, क्लासवाला, समर कॅम्पवाला 😄

सुपारी_फुटली:
समर कॅम्पवाला नक्की! पण नोकरी करणाऱ्या आयांचं कोणीच बोलत नाहीये. माझ्यासाठी शाळा १ जूनला उघडली तर दोन आठवड्यांचा प्रश्न सुटतो, कारण सासूबाईंना आता होत नाही आणि दोघांच्या रजा मेमध्येच संपतात. मुलं शिकतील का हा प्रश्न त्या दोन आठवड्यांत माझ्या डोक्यात नसतो, मुलं कुठे असतील हा असतो. हे सभेत कोणी मोठ्याने म्हणत नाही, सगळे 'अभ्यासाचं नुकसान' म्हणतात.

दोन_दप्तरं:
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सुपारी_फुटली, तुमचा मुद्दा मी जसाच्या तसा मांडणार, माझ्या डोक्यात तो आलाच नव्हता कारण आमच्याकडे आजोबा आहेत.

आता मी असं ठरवलंय की १५ जूनच हवी असं म्हणायचं नाही. आधी शाळेकडून मागच्या काही वर्षांचे आकडे मागायचे, एप्रिलमध्ये आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात वर्गवार हजेरी किती होती आणि जून-जुलैत पावसाने किती दिवस गेले. एप्रिलची हजेरी खरंच अर्धी असेल तर पहिली ते आठवीला एप्रिल कमी करा, नववी-दहावीचा ठेवा, आणि जूनला शाळा राज्य मंडळाबरोबर उघडा. मधल्या दोन आठवड्यांत ज्यांना घरी कोणी नाही त्यांच्यासाठी लायब्ररी आणि मैदान सकाळचं उघडं ठेवा, वर्ग नकोत.

खडूफळा ताई, एकच शंका राहिली. एप्रिल कमी केला तर सहावी ते आठवीचे २२० दिवस भरतात का? दिवाळीची सुट्टी कापायला आमच्याकडे कोणीच तयार होणार नाही, मी पण नाही. शनिवार अर्धा दिवस भरवला तर तो पूर्ण दिवस धरतात की तासांवर मोजतात? सभा शनिवारीच आहे, जमलं तर त्याआधी सांगा.

खडूफळा:
कायद्यात दिवसांबरोबर तासही दिलेत, सहावी ते आठवीला वर्षाला १००० तास. त्यामुळे नुसते दिवस मोजून उपयोग नाही, दोन्ही जुळायला हवेत. अर्धा शनिवार दिवस म्हणून धरणार का ते तुमच्या मुख्याध्यापकांकडूनच लेखी घ्या, तोंडी नको. आणि वेळापत्रकाची प्रत सभेच्या आधी मागा, सभेत मागितली तर 'नंतर मेल करतो' म्हणतात.